सिंगल माल्ट की ब्लेंडेड? नावं झाकून प्यायलो आणि फजिती झाली

पनवेलचा_पामर:

नुसताच 'सिंगल माल्ट व्हिस्की चांगली की ब्लेंडेड' असा प्रश्न टाकला तर इथे दोन तट पडतील आणि माझ्या हाती काही लागणार नाही. म्हणून शनिवारी रात्री घरी जे झालं ते सगळं लिहितो. लांबलंय, सांभाळून घ्या.

मेहुणा (सौ.चा धाकटा भाऊ) लंडनला असतो. दिवाळीला आला तो हीथ्रोवरून दोन बाटल्या घेऊन: ग्लेनफिडिक १२ आणि लॅफ्रॉइग १०. दोन्ही सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, फक्त मोड आणलेल्या जवाची. ब्लेंडेड म्हणजे अशा अनेक माल्ट आणि गहू-मक्याची ग्रेन व्हिस्की यांचं मिश्रण. तिकडे राहून त्याला यातलं बरंच कळायला लागलंय, निदान बोलता तरी येतं. सासरे एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. त्यांचं ठरलेलं आहे. शनिवारी टीचर्सचे दोन पेग, सोडा, बर्फाचे दोन खडे, साडेनऊला जेवण. वीसेक वर्षांत यात बदल नाही. मेहुणा बाटली उघडता उघडता म्हणाला, "बाबा, ब्लेंडेड म्हणजे दहा ठिकाणचा उरलासुरला माल एकत्र केलेला. आता तरी चांगलं काहीतरी प्या." सासरे काही बोलले नाहीत, चिवड्यातले दाणे वेचत बसले. मला ते बघवेना.

म्हणून मीच काडी टाकली. म्हटलं, एवढी खात्री आहे ना, मग नावं झाकून पिऊ. माझ्या कपाटात ड्युटी फ्रीची ब्लॅक लेबल होती, सासऱ्यांची टीचर्स होतीच. दोन माल्ट, दोन ब्लेंडेड, सामना बरोबरीचा. घरात कटिंगचे डझनभर ग्लास आहेत. बायकोने स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या बुडाला नेलपॉलिशचे ठिपके दिले, एक ठिपका, दोन ठिपके असे, आणि खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून ओतलं. कोणत्या ठिपक्याला काय हे फक्त तिला माहीत. आम्ही तिघांनी कागदावर लिहायचं: आवडीचा क्रम, आणि ही कोणती असावी.

निकाल ऐका. मी ज्या ग्लासला पहिला नंबर दिला आणि शेजारी ठासून 'ग्लेनफिडिक' लिहिलं, ती निघाली ब्लॅक लेबल. खरी ग्लेनफिडिक मी 'टीचर्स, जरा हलकी' म्हणून तिसरी टाकली होती. मेहुण्याने टीचर्सला दुसरा नंबर देऊन लिहिलं होतं, 'थोडा धूर आहे, स्कॉटलंडच्या हायलँडची सिंगल माल्ट असावी'. ठिपके उघड झाल्यावर तो पाच मिनिटं मोबाइलमध्ये बघत होता. आणि सासऱ्यांनी ग्लेनफिडिकला जवळ घेऊन 'ही माझी' असं लिहिलं होतं. ते बघून मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा पडला. वीस वर्षं पितोय आणि आपली आपल्याला ओळखता येत नाही, असं काहीसं.

लॅफ्रॉइग मात्र तिघांनीही न चुकता ओळखली. सासरे म्हणाले, "ही बाटलीतली नाही, सिव्हिल हॉस्पिटलातली आहे."

तर प्रश्न असे. आमच्या तिघांच्या जिभा कामातून गेल्यात का? की दोन्हींत फरकच नसतो आणि आपण लेबलचे पैसे देतो? आणि नीट तुलना करायची तर कशी? मेहुणा पुढच्या रविवारपर्यंत आहे. नवीन बाटली आणायचं बजेट नाही, आहे त्याच चारांत काय ते सांगा.


भटक्या_जोशी:

सासऱ्यांबरोबर बसता येतं हीच केवढी मोठी गोष्ट. आमचे सासरे माळकरी. मी त्यांच्या घरी कोल्ड्रिंकसुद्धा ग्लास तिरका धरून पीत नाही.

बाकी चालू द्या, वाचतोय. (पंचविशीच्या आतल्यांनी धागा मिटावा. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि हिला पंचवीस, कायदा आहे.)


स्पष्ट_बोलतो:

उत्तर तुम्हीच दिलंय. फरक नसतो. सगळा जाहिरातीचा खेळ. रंगसुद्धा खोटा, कॅरॅमल घालतात. गडद दिसली की लोक म्हणतात वा, जुनी दिसतेय. मी दहा वर्षांपूर्वीच हा नाद सोडला. आता रम पितो.


लीथकर:

पामर, आधी मेहुण्याची पाठ थोपटा. त्याने लिहिलेलं शंभरातलं सत्तर बरोबर आहे आणि त्याला ते कळलेलं नाही. टीचर्समधल्या माल्टचा कणा म्हणजे आर्डमोर. ही डिस्टिलरी हायलँडमध्येच आहे, आणि पूर्व हायलँडमध्ये फारसं कुणी करत नाही ते ती करते, म्हणजे जव वाळवताना पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर देते. 'थोडा धूर, हायलँड' हे त्याच्या नाकाने अचूक पकडलं. 'सिंगल' तेवढं त्याच्या डोक्याने जोडलं, कारण चांगली लागली म्हणजे सिंगल असणार असं त्याने आधीच ठरवलेलं होतं.

मी अकरा वर्षं एडिंबराला आहे, त्यातली सात लीथमध्ये. लीथ म्हणजे एडिंबराचं बंदर. राहतो ती इमारत एकेकाळी व्हिस्कीचं गोदाम होती. भिंती दीड हात जाड, मोबाइलला रेंज नाही. आजूबाजूला अशी किती गोदामं होती याला गणती नाही, कारण ब्लेंडिंगचा धंदा इथे फोफावला. व्हॅट ६९ आपल्याकडे सिनेमातल्या खलनायकांनी घरोघरी पोचवली, ती इथल्याच विल्यम सँडरसनची. १८८२ मध्ये त्याने शंभरेक मिश्रणं करून पिंपांत भरली आणि जाणकारांना चाखायला बोलावलं. एकोणसत्तर नंबरचं पिंप सगळ्यांना आवडलं. नाव तेच ठेवलं. म्हणजे तुमच्या बायकोने नेलपॉलिशने केलं तेच काम, जरा मोठ्या भांड्यात.

आता 'उरलासुरला माल' याबद्दल. मेहुण्याला विचारा, त्याच्या लहानपणी घरी चहा कुठून यायचा. आमच्याकडे साताऱ्यात एक चहावाला होता. डबे मांडलेले, तो विचारायचा, पाणी कसं आहे तुमच्याकडे, विहिरीचं की नळाचं, दूध किती घालता. मग एका डब्यातली बारीक पत्ती रंगाला, दुसऱ्यातली मोठी वासाला, थोडी डस्ट कडकपणाला. वर्षभर तोच चहा तसाच लागायचा, मळ्यात पाऊस पडो न पडो. जॉन वॉकरचं १८२० मध्ये किल्मारनॉकला सुरू झालेलं दुकान किराण्याचंच. अबर्डीनचे शिवास बंधूही वाणीच. चहा मिसळणारे हात व्हिस्कीला लागले. त्या काळी एकेका डिस्टिलरीचा माल या पिंपाला असा तर त्या पिंपाला तसा. गिऱ्हाइकाला दर वेळी तीच चव हवी असते.

मिसळायचं काय, हा पुढचा भाग. माल्ट म्हणजे मोड आणलेलं जव, तांब्याच्या भट्टीत एकेक घाणा काढलेलं. ग्रेन म्हणजे गहू किंवा मका, सोबत थोडं जव, आणि उंच स्तंभासारख्या भट्टीतून अखंड वाहत निघालेली. ती भट्टी एनियस कॉफी नावाच्या, आधी अबकारी खात्यातच असलेल्या माणसाने १८३० मध्ये पेटंट केली. १८६० च्या कायद्याने कर भरण्याआधी, गोदामातच, माल्ट आणि ग्रेन मिसळायची मोकळीक मिळाली आणि एडिंबराच्या अँड्र्यू अशर या ब्लेंडरचं नशीब उघडलं. त्याने पुढे गावाला गाण्याबजावण्याच्या सभागृहासाठी एक लाख पौंड दिले. अशर हॉल १९१४ मध्ये उघडला. माझी बस रोज त्यावरून जाते, आणि मनात येतं की ही इमारत ब्लेंडेडच्या पैशांतून उभी राहिली.

ग्रेनला लोक पाणी समजतात. मीही समजायचो, इथे एकदा जुनी सिंगल ग्रेन चाखेपर्यंत. सुक्या खोबऱ्याची वडी तोंडात धरल्यासारखी, मागे व्हॅनिला, अंगाने हलकी. जोर नाही, पण ओलावा आहे. माल्टचे कोपरे तीच घासते. तुम्ही ब्लॅक लेबलला पहिला नंबर दिलात तो बहुतेक या गुळगुळीतपणाला, आणि मागे जो आयला बेटावरच्या माल्टचा किंचित धूर राहतो त्याला.

(हो, त्या बेटाचं नाव 'आयला' असंच उच्चारतात. इथे आल्यावर पहिले सहा महिने कुणी ते म्हटलं की मी दचकायचो. लॅफ्रॉइग तिथलीच, आणि पहिल्या घोटाला मराठी माणसाच्या तोंडून बेटाचं नाव आपोआप निघतं.)

तुमच्या सामन्यात बरोबरी नव्हती, हेही सांगतो. ब्लॅक लेबलवर १२ लिहिलंय म्हणजे तिच्यातला सगळ्यात कोवळा थेंबही बारा वर्षांचा. ग्लेनफिडिकही १२. लॅफ्रॉइग १०. टीचर्सवर आकडाच नाही, म्हणजे कायद्याने किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात, पुढचं कंपनीला ठाऊक. शिवाय ड्युटी फ्रीच्या बाटल्या ४० टक्क्यांच्या असतील आणि भारतात भरलेली टीचर्स ४२.८ ची. लेबल वाचून बघा. एवढ्या फरकानेही नाकाला वेगळं कळतं.

ग्लास बदला. कटिंगचा ग्लास वर रुंद होतो, वास पळून जातो. तोंड आत वळलेला वाइनचा लहान ग्लास चालेल. आणि पाणी घाला. ब्लेंडर लोक दिवसभर वास घेऊन काम करतात, पीत बसत नाहीत, आणि वास घेताना ती साधारण २० टक्क्यांवर आणतात. म्हणजे ४० ची असेल तर जेवढी व्हिस्की तेवढंच पाणी. फ्रीजमधलं नको, साधं. पाणी न घालता पिणं म्हणजे मर्दपणा ही समजूत मी इथल्या म्हाताऱ्यांमध्ये तरी पाहिलेली नाही. बारवर पाण्याची बुटकी सुरई ठेवलेलीच असते.

आणि फुकटातला एक प्रयोग. घरात लहान मूल असेल तर औषधाची पिचकारी असेल. २० मिली ग्लेनफिडिकमध्ये १ मिली लॅफ्रॉइग. वास घ्या. मग अजून १. कुठे धूर दिसायला लागतो, कुठे तो छान असतो आणि कुठे दवाखाना होतो, ते बघा. दोन वेगवेगळ्या डिस्टिलरींच्या माल्ट मिसळल्या, ग्रेन नाही, याला ब्लेंडेड माल्ट म्हणतात. जॉनी वॉकरची ग्रीन लेबल त्यातलीच, मंकी शोल्डरही. पूर्वी 'व्हॅटेड' म्हणायचे, २००९ च्या नियमांनी तो शब्द बाद केला. तुमची होईल पनवेल स्पेशल.

स्पष्ट_बोलतो, कॅरॅमलचं तुमचं खरं आहे. मुभा दोघींनाही आहे, सिंगल माल्टलाही. म्हणून तर रंगाकडे बघूच नये. पण 'फरक नसतो' म्हणता, तर लॅफ्रॉइग तिघांनी ओळखली ती कशी?


स्पष्ट_बोलतो:

ती माझ्या घरातल्या मांजरानेही ओळखली असती.


गंधाली:

वीस वर्षं फ्लेवर बनवणाऱ्या कंपनीत चाचणी विभागात आहे. स्वतः महिन्याकाठी एखादा पेग, पण वास घेणं हा पोटापाण्याचा धंदा आहे म्हणून लिहिते.

पामर, तुमच्या प्रयोगाचं वर्णन वाचून मला घाम फुटला. दिवाळी म्हणजे बाहेर फटाक्यांचा धूर. देवापाशी उदबत्ती असणारच. समोर चिवडा, त्यात तळलेला लसूण आणि हिंग. अशा खोलीत व्हिस्कीतला धूर शोधायचा? आमच्याकडे चाचणीच्या दिवशी डोक्याला सुवासिक तेल लावून आलेल्या मुलीला परत पाठवतात. पुढच्या वेळी सकाळी अकराला करा, जेवणाआधी. हसू नका, जीभ तेव्हा ताजी असते. चकणा नको, साधा पाव आणि पाणी.

दुसरं. चार ग्लास एकदम मांडून 'ही कोणती' विचारणं म्हणजे ओळखपरेड झाली. त्यात माणूस चवीपेक्षा तर्क जास्त लढवतो. आम्ही तीन ग्लासांची चाचणी घेतो. तिघांत दोन एकच, एक वेगळा. वेगळा कोणता एवढंच सांगायचं. नाव नाही, नंबर नाही, आवड नाही. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिनांत एकदा बरोबर येतं, म्हणून एका फेरीवर काही ठरत नाही. सहा फेऱ्या करा. सहापैकी पाच बरोबर आले तर फरक खरंच कळतो म्हणायचं. चार आले तर नशीबही असू शकतं. सहा फेऱ्यांत चव घेऊन थुंकायचं किंवा जीभ ओली करण्यापुरतंच घ्यायचं, नाहीतर सहाव्या फेरीला तिन्ही ग्लास सारखेच प्रिय वाटतील.

सासऱ्यांचं 'सिव्हिल हॉस्पिटल' मला फार आवडलं, कारण ते रसायनशास्त्राने बरोबर आहे. पीट जाळलं की फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल असली मंडळी धुरातून जवावर बसतात. दवाखान्यातल्या काळ्या फिनाइलमध्ये त्याच घराण्यातली माणसं असतात. डेटॉलमधलं औषधही फिनॉलच्याच कुळातलं. तेव्हा ज्या नाकाने हॉस्पिटल ओळखलं ते नाक शाबूत आहे, त्यांना तेवढं सांगा.

पाण्याबद्दल लीथकर म्हणतात त्याला दुजोरा. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनीयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर हेच पाहिलं. अल्कोहोल कमी असलं की ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो, जास्त असलं की अल्कोहोल त्याला आत धरून ठेवतं. पृष्ठभागावर आला की नाकाला लवकर सापडतो.

आणि एक विनंती. परदेशी वर्णनं पाठ करू नका. हेदरचं फूल, टॉफी अ‍ॅपल, मार्झिपॅन, यातलं आपण काय हुंगलंय? स्वतःच्या घरातले शब्द वापरा, ते जास्त नेमके असतात. ग्लेनफिडिक १२ मध्ये जो फळाचा वास येतो, तो तुम्हाला नासपतीसारखा वाटेल किंवा शिकरणासाठी ठेवलेल्या पिकल्या केळ्यासारखा. दोन्ही बरोबर, केळ्याच्या इसेन्समधलं जे मुख्य रसायन ते व्हिस्कीतही असतं. खोबऱ्याचा वास ओकच्या लाकडातून येतो. त्या रसायनाला आमच्या धंद्यात 'व्हिस्की लॅक्टोन' असंच नाव आहे. काकवी, मनुका, भाजलेले फुटाणे, न्हाणीघरातल्या बंबाचा धूर, पहिल्या पावसात गोठ्याजवळ येतो तो वास, हे सगळं लिहा. महिन्याभराने तोच कागद वाचला तर तुम्हाला कळेल. 'कॉम्प्लेक्स फिनिश' लिहिलंत तर दुसऱ्या दिवशीसुद्धा काही कळणार नाही.


लीथकर:

गंधालीताई, हेदरचं शंभर टक्के मान्य. इथे येऊन तीन वर्षं मी पुस्तकात वाचून 'हेदर हनी' म्हणत होतो. मग एका ऑगस्टमध्ये केर्नगॉर्मच्या डोंगरात ते फुललेलं पाहिलं, वाकून वास घेतला. जे मी इतके दिवस हेदर म्हणत होतो ते आमच्या आजीच्या करंडातलं मेण निघालं.

पामर, एक सांगायचं राहिलं. सासऱ्यांनी आपली ओळखली नाही कारण तुम्ही त्यांना ती सोडा-बर्फाशिवाय दिलीत. ती त्यांनी तशी कधी प्यायलेलीच नाही. १८६० च्या पुढे फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांना फायलोक्सेरा नावाची कीड लागली, कोन्याक या तिथल्या ब्रँडीचा तुटवडा पडला, आणि लंडनचा साहेब ब्रँडी-सोड्यावरून व्हिस्की-सोड्यावर आला. ब्लेंडेडने जग जिंकलं ते सोड्याच्या ग्लासातून. ग्लेनफिडिकने १९६३ मध्ये सिंगल माल्ट स्कॉटलंडबाहेर जोर लावून विकायला घेतली, तोवर बाहेरच्या माणसाला स्कॉच म्हणजे ब्लेंडेडच माहीत होती. सोडा घातल्यावरही चव उभी राहिली पाहिजे हे ब्लेंडर आधीच धरून चालायचा. त्यांना त्यांच्या पद्धतीने देऊन बघा.


पनवेलचा_पामर:

मंडळी, अहवाल देतो. मेहुणा काल रात्री गेला.

पिचकारीचा प्रयोग आधी. मुलाची तापाच्या औषधाची होती, गरम पाण्याने तीनदा धुतली तरी पहिल्या फेरीत आम्हाला स्ट्रॉबेरी सापडली. चौथ्यांदा धुतल्यावर नीट झालं. ग्लेनफिडिकमध्ये १ मिली लॅफ्रॉइगने धूर असा कळला नाही, पण केळ्याचा वास दबला आणि एकदम काहीतरी भरल्यासारखं वाटलं, वरणाला हिंग लागल्यावर लागतं तसं. २ मिलीला मेहुणा म्हणाला, "अरे, ही तर परवाच्या ब्लॅक लेबलची बहीण." ३ मिलीला सिव्हिल हॉस्पिटल उघडलं. बाटलीतून बाटलीत काही ओतलं नाही, काळजी नसावी. पण त्या २ मिलीच्या ग्लासवर आम्ही दोघं अर्धा तास बोलत होतो, आणि 'उरलासुरला माल' हा शब्द त्यानंतर त्याने काढला नाही.

मग तीन ग्लासांची चाचणी, रविवारी सकाळी अकरा वाजता. शेजारच्या काकू फराळाचं ताट परत द्यायला आल्या, तेव्हा आम्ही दोन बाप्ये टेबलावर सहा-सहा ग्लास मांडून डोळे मिटून हुंगत होतो. त्यांनी ताट ठेवलं आणि न बोलता गेल्या. ब्लॅक लेबल विरुद्ध ग्लेनफिडिक, दोन्हींत निम्मं पाणी. मेहुण्याचे सहापैकी पाच, माझे चार. म्हणजे गंधालीताईंच्या हिशोबाने त्याला फरक कळतो आणि मला बहुधा नशीब कळतं. पण खरं सांगू? आवडलेली कोणती म्हणाल तर मला अजूनही ब्लॅक लेबलच. पाणी घातल्यावर ग्लेनफिडिक गोड आणि लाघवी झाली, पण दोन मिनिटांनी तिच्याकडे बोलायला काही उरलं नाही. ब्लॅक लेबल शेवटपर्यंत थोडी थोडी सांगत राहिली. लॅफ्रॉइगबद्दल मत बदललं. पाण्याने ती मऊ झाली, आणि मला आजोळच्या न्हाणीघरातला बंब आठवला, ओली ढलपी पेटत नसताना यायचा तो वास. पूर्ण पेग मात्र अजून जात नाही.

सासरे चाचणीला बसलेच नाहीत. "मी काय डिपार्टमेंटल परीक्षेला बसलोय का?" म्हणाले. मग संध्याकाळी लीथकरांनी सांगितलं तसं केलं. टीचर्स, ब्लॅक लेबल, ग्लेनफिडिक, तिन्हींत सोडा, प्रत्येकी दोन खडे बर्फ, त्यांच्याच नेहमीच्या उभ्या ग्लासात. ट्रे समोर ठेवला आणि एवढंच म्हटलं, तुमचा उचला. त्यांनी वाकून वासही घेतला नाही. एकेक घोट, मधला उचलला, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. टीचर्स. ग्लासांच्या जागा बदलून परत दिलं. परत टीचर्स. तिसऱ्यांदाही. मेहुणा बघत राहिला. मग त्याने स्वतः उठून त्यांचा दुसरा पेग भरला आणि विचारलं, "बाबा, पुढच्या वेळी येताना काय आणू?" सासरे म्हणाले, "सोडा इथे मिळतो. बाकी तुला काय वाटेल ते."


भटक्या_जोशी:

डोळे पाणावले. कुणीतरी सोडा घाला.


गंधाली:

तिनांपैकी तीन, नुसत्या अंदाजाने हे सत्तावीसांत एकदाच होतं. छान! फक्त एक शंका. ग्लास भरून जागा कोण बदलत होतं? ज्याला उत्तर ठाऊक आहे तोच माणूस ट्रे घेऊन समोर उभा राहिला तर त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. म्हणून आमच्याकडे भरणारा वेगळा आणि देणारा वेगळा असतो.


पनवेलचा_पामर:

भरतही सासूबाई होत्या आणि देतही त्याच होत्या. बेचाळीस वर्षांचा संसार आहे.

हे मी घरी बोलणार नाही. तुम्हीही इथेच ठेवा.